तापाचं औषध पाजून आणलेलं मूल

डोंबिवली, कल्याण, बदलापूर, विरार. जिथून सकाळी लोकल भरभरून सुटतात, तिथे गल्लीगणिक एक पाटी दिसते: ‘घरगुती पाळणाघर. वय सहा महिन्यांपासून पुढे.’ खाली मोबाईल नंबर, बाजूला मिकी माऊस. मुंबईतल्या नोकरदार संसारांचा केवढा तरी भार या पाट्यांमागच्या दोन-दोन खोल्या उचलतात. आपण मात्र पाळणाघराविषयी दोनच वेळी बोलतो. आपल्याला जागा हवी असते तेव्हा, आणि कुठल्या तरी पाळणाघराची वाईट बातमी येते तेव्हा.

मधलं बोलणं राहून जातं, म्हणून मी दोघींना समोरासमोर बसवलं आहे. दोघी कल्पनेतल्या आहेत; त्यांचं भांडण मात्र तुकड्यातुकड्यांनी अनेक घरांत चालू असतं. वहिनी डोंबिवलीत पाळणाघर चालवते. तिची नणंद ठाण्यात बालरोगतज्ज्ञ आहे. वहिनी तिला ‘वन्सं’ म्हणते, निम्मं चेष्टेनं, निम्मं सवयीनं. रविवार आहे, जेवणं झाली आहेत, पाळणाघर बंद आहे.

वन्सं: वहिनी, गेल्या आठवड्यात तुमच्याकडची तीन मुलं माझ्या ओपीडीत आली. तिघांनाही हँड-फूट-माऊथ. पहिल्याच्या तळहातावर फोड दिसले तेव्हाच त्याला घरी का नाही धाडलंत?

वहिनी: धाडलं की. पण फोड दिसले दुपारी. सकाळी आईनं सोडलं तेव्हा अंग गार होतं. साडेसहाला घरी तापाचं औषध पाजायचं, आठाला इथे सोडायचं, आणि अकराच्या सुमाराला आमच्या हातात पोर तापायला लागतं. हा हिशेब मला आता पाठ झालाय.

वन्सं: मग दारातच विचारायचं, औषध दिलंय का म्हणून.

वहिनी: विचारते ना. ‘नाही हो काकू, रात्री जरा कणकण होती इतकंच.’ ती खोटं बोलतेय हे मला कळतं, आणि मला कळलंय हे तिलाही कळतं. पण तिचा एक डोळा घड्याळावर असतो. फास्ट चुकली की लेटमार्क, आणि तीन लेटमार्कांना अर्ध्या दिवसाचा पगार.

वन्सं: तिच्या अर्ध्या दिवसापायी बाकीच्यांच्या मुलांनी आजारी पडायचं?

वहिनी: तसं नाही म्हणत मी. पण मी दारातून परत पाठवलं की ते पोर आईच्या मांडीवर जाऊन झोपेल, असं तुम्हाला वाटतंय. तसं होत नाही. ते शेजारच्या आजीकडे जातं, जिला स्वतःला धड दिसत नाही. नाहीतर सातवीतल्या बहिणीची शाळा बुडते. माझ्याकडे निदान थर्मामीटर तरी आहे.

यावर वन्संना चटकन उत्तर सुचलं नाही, आणि त्याला कारण आहे. डॉक्टरांपुढे मूल येतं तेव्हा त्याच्या आईनं रजा टाकलेली असते. जिला रजा मिळालीच नाही, ती आई त्यांच्या रांगेत दिसतच नाही. वहिनीला मात्र ती रोज सकाळी दारात दिसते.

वन्सं: बरं, मग कुणाला ठेवायचं आणि कुणाला नाही, हे तरी नीट ठरवू या. कारण तुम्ही नेमकं उलटं करता. शेंबड्या पोराला परत धाडता, आणि जुलाब होणाऱ्याला ‘दात येतायत’ म्हणून ठेवून घेता.

वहिनी: दात येताना जुलाब होतातच.

वन्सं: दातांमुळे नाही होत. त्या वयात पोर रांगतं आणि मिळेल ते तोंडात घालतं, म्हणून होतात. साध्या सर्दीला घरी बसवून काही साधत नाही. नाक वाहायला लागायच्या आधीच ती पसरलेली असते. सर्दीवाल्यांना वगळायचं तर जून ते सप्टेंबर पाळणाघराला कुलूपच लावा. हँड-फूट-माऊथचंही जवळपास तेच. ताप उतरला, पोर खाऊ-पिऊ लागलं, लाळ गळायची थांबली की येऊ द्या. सगळ्या पुटकुळ्या सुकेपर्यंत थांबायचं कारण नाही. त्याचा विषाणू शीतून पुढे कित्येक आठवडे पडत राहतो. तेवढे दिवस कोण कुणाला घरी ठेवणार? तिथे शी धुतल्यावर साबणानं हात धुणं, हाच काय तो उपाय. पण कांजिण्या असतील तर शेवटच्या फोडावर खपली धरेपर्यंत नाही म्हणजे नाही. गोवर असेल तर पुरळ उठल्यापासून चार दिवस. जुलाब थांबेपर्यंत नाही. आणि ताप औषधाशिवाय चोवीस तास आलेला नसला, तरच आत.

वहिनी: आणि लगेच कुणाला हलवायचं?

वन्सं: मूल मलूल पडलंय, पाणीसुद्धा घेत नाही, श्वासाबरोबर बरगड्यांखाली खड्डा पडतोय, आकडी आली. यातलं काहीही दिसलं तर आईची वाट बघायची नाही. १०८ लावा, नाहीतर मिळेल ती रिक्षा करा, आणि आईला वाटेतून फोन.

वहिनी: हे असं सुटं करून मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. तुमचे डॉक्टर काय करतात? मी आईकडे सर्टिफिकेट मागते आणि ते पोराला न बघताच ‘फिट’ म्हणून लिहून देतात.

वन्सं: त्या कागदाला काही अर्थ नसतो. ताप गेला हे मी लिहू शकते. विषाणू गेला असं कुठलाच डॉक्टर लिहू शकत नाही. मागत जाऊ नका ते.

आजाराचे नियम असे शहाण्यासारखे सैल करता येतात. तरी तापलेल्या मुलाचं काय, हे उरतंच. २०१७ साली मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली. पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली, आणि ५० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय करणं बंधनकारक झालं. आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता येईल, असंही कायदा म्हणतो. त्याआधी १९४८ च्या कारखाने कायद्यात ३० पेक्षा जास्त स्त्री-कामगार असतील तिथे सहा वर्षांखालच्या मुलांसाठी खोली होतीच. रोजगार हमीच्या कामावर पाचपेक्षा कमी नाहीत इतकी लहान मुलं आली, तर त्यांना सांभाळायला एका बाईला मजुरी देऊन बसवायचं, हेही कायद्यात आलं. पण मूल आजारी पडलं म्हणून आईला हक्काची रजा, ही गोष्ट यातल्या एकाही कायद्यात नाही. केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना पूर्ण सेवेत ७३० दिवसांची बालसंगोपन रजा आहे, महाराष्ट्र सरकारच्या १८० दिवसांची. वहिनीच्या दारात येणाऱ्या आया कुरिअरच्या ऑफिसात, साडीच्या दुकानात, कॉल सेंटरमध्ये आणि लोकांच्या स्वयंपाकघरांत काम करतात. त्यांच्यासाठी हे आकडे दुसऱ्या देशातले आहेत.

वन्सं: त्या २६ आठवड्यांवरून आठवलं. तुमच्याकडे सहा महिन्यांचं बाळ येतं, बरोबर? रजा तेव्हा संपते म्हणून. गोवर-रुबेलाची पहिली लस कधी असते, सांगा.

वहिनी: नऊ महिन्यांना. कार्डावर असतं.

वन्सं: म्हणजे मधले तीन महिने ते बाळ गोवराला उघडं आहे. आईकडून पोटात असताना मिळालेलं संरक्षण एव्हाना ओसरत आलेलं असतं. शिवाय ही रजा बाळंतपणाच्या आधी आठ आठवड्यांपर्यंत घेता येते. जिनं तेवढी आधी घेतली, तिचं बाळ तुमच्याकडे जेमतेम चार महिन्यांचंच येणार. आणि त्याच्या शेजारी तुम्ही कुणाला बसवता? तीन वर्षांच्या दांडगोबाला, ज्याचं कार्ड तुम्ही कधी पाहिलेलंच नाही.

वहिनी: आईबापांचं आधार घेते मी, झेरॉक्स काढून.

वन्सं: आधारकार्डानं गोवर अडत नाही, वहिनी. २०२२ च्या शेवटी गोवंडीत काय झालं आठवतंय ना? मुलं दगावली. तेव्हा उद्रेकाच्या भागात सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांनाही जादा डोस द्यायची वेळ आली. एरवी त्या लहानग्याचं रक्षण त्याच्या भोवतालच्या मोठ्या मुलांनी करायचं असतं, स्वतः लस घेऊन. मोठ्यांचा दुसरा डोस १६ ते २४ महिन्यांत असतो, आणि तोच राहतो. आई कामावर रुजू झालेली असते, बाळ धडधाकट असतं, मग ‘पुढच्या महिन्यात बघू.’ लस सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, तरीही.

वहिनी: हे मात्र पटलं. पुढच्या महिन्यापासून कार्डाचा फोटो आल्याशिवाय नाव घालणार नाही. पण एखादं राहिलेलं असलं तर हाकलू का त्याला?

वन्सं: हाकलायचं कशाला? तारीख लिहून द्या आणि मागे लागा. तुमच्याइतकं आईच्या मागे लागणं आरोग्य केंद्राला जमायचं नाही. तुम्ही तिला दिवसातून दोनदा भेटता.

मग वन्संनी मागची खोली बघायला मागितली. खोली स्वच्छ होती, फरशीवर फिनेलचा वास होता. खिडकीखाली लाकडी कट्टा, त्यावर रबराचं कापड, पावडरचा डबा, दुपट्यांची चळत. इथे लंगोट बदलतात. कट्ट्याला लागूनच ओट्याची कड, आणि कडेवर झाकण घातलेलं खिमटाचं पातेलं. दारामागे खिळ्यावर एक पंचा, त्याची खालची बाजू दमट. मोरी चार पावलांवर, पण साबण तिथे नव्हता. तो वर फळीवर होता, मुलांच्या हाताला लागू नये म्हणून.

वन्सं: लंगोट कोण बदलतं?

वहिनी: मावशी.

वन्सं: खिमट कोण भरवतं?

वहिनी: मावशीच. बरं, कळलं.

वन्सं: मावशी हात धुतात?

वहिनी: सॅनिटायझर लावतात. करोनापासूनची सवय.

वन्सं: शी लागलेल्या हाताला सॅनिटायझर पुरत नाही. जुलाबाचे काही विषाणू त्याला भीकसुद्धा घालत नाहीत. साबण, वाहतं पाणी आणि वीस सेकंद चोळणं. साबण फळीवरून खाली आणा. कट्टा तिकडच्या भिंतीला न्या, ओट्यापासून लांब. हा पंचा काढा. प्रत्येक मुलाचा वेगळा रुमाल, नावाचा टाका घालून. आणि शक्य असेल तर लंगोटाची बाई आणि जेवणाची बाई वेगळी.

वहिनी: शक्य असेल तर! मला एकच मावशी परवडते. त्या मुद्द्यावर येऊच आपण.

खेळण्यांसाठी वहिनीनं दोन टोपल्या केल्या आहेत. एक खेळायची, दुसरी चोखलेल्यांची. दुसरीतली संध्याकाळी साबणाच्या पाण्यात जातात. ही युक्ती तिला कुणी शिकवलेली नाही.

फ्रिजच्या दारात औषधांच्या बाटल्या होत्या. लेबलं चिकट झालेली, कुणाची कुठली ते मावशींना ठाऊक.

वहिनी: आया सांगून जातात, दुपारी अर्धं झाकण द्या.

वन्सं: अर्धं झाकण कशाचं? पॅरासिटामॉलचं सिरप पाच मिलीत १२५ मिलिग्रॅमचं मिळतं, २५० चंही मिळतं. थेंबांच्या बाटलीत एकाच मिलीत १०० मिलिग्रॅम असतं. बाटली बदलली आणि झाकण तेच राहिलं, तर डोस दुप्पट नाहीतर चौपट झाला. मात्रा वजनावर ठरते, किलोला १५ मिलिग्रॅम. मुलाचं नाव, औषधाचं नाव, किती मिली, किती वाजता, हे आईच्या हातचं लिहिलेलं नसेल तर बाटली घ्यायचीच नाही. आणि खोकल्याचं औषध तर मुळीच नाही. २०२५ साली छिंदवाड्याकडची मुलं खोकल्याच्या विषारी औषधानं दगावली, त्यांतली कितीतरी आपल्या नागपूरच्या दवाखान्यांत. विसरलात?

वहिनी: नाही विसरले. त्यानंतर दोन आया स्वतःहून बाटल्या परत घेऊन गेल्या. पण वन्सं, ‘घेणार नाही’ म्हणायला मला मागे कुणीतरी लागतं. छापील नियम लागतो, तुमच्यासारखीची सही लागते. नुसतं मी सांगितलं तर ‘काकू फार चोखंदळ झाल्यात’ म्हणतात आणि पोर पलीकडच्या बिल्डिंगमध्ये घालतात. तिथे पाच-सातशे रुपये कमी घेतात.

झोपेच्या खोलीत ठिणगी पडली ती मोहरीच्या उशीवरून. डोकं गोल व्हावं म्हणून आज्या ही उशी शिवतात, आणि बाळ पाळणाघरात निघालं की उशीही पिशवीतून येते. वन्संचं म्हणणं साधं आहे. एक वर्षाखालच्या बाळाला उताणं झोपवावं, घट्ट गादीवर, उशीशिवाय, तोंडाजवळ दुपटं-खेळणं काही नको. झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांची संख्या पाश्चात्त्य देशांत १९९० च्या दशकात निम्म्यावर आली, ती मुख्यतः उताणं झोपवण्याच्या प्रचारानं. वहिनीचं म्हणणं, उताणं झोपवलं की पोर दचकून उठतं आणि त्याच्या रडण्यानं बाकीची चार उठतात. पालथं घालून पाठ थोपटली की दीड तास शांतता. मला वहिनीचा त्रास दिसतो, पण इथे वन्संचंच ऐकायला हवं. बाळ आपणहून पालथं झालं तर होऊ द्यावं, आपण पालथं घालू नये. गळ्यातला काळा दोरा, ताईत आणि साखळी झोपताना उतरवून ठेवावी. आजीची समजूत आईनं घालावी, ते काम पाळणाघरवालीचं नाही.

जेवणाच्या बाबतीत दोघींचं जमतं. शेंगदाणे, फुटाणे, आख्खी द्राक्षं, सीताफळाच्या बिया चार-पाच वर्षांखालच्या मुलांना नाहीत. दाण्याचा बारीक कूट चालतो. श्वासनळीत गेलेला शेंगदाणा साध्या एक्स-रेत दिसत नाही. नुसता खोकला राहतो, आणि तो सर्दीचा समजून आठवडा जातो. पोराचा श्वास अडकला तर तोंडात बोट घालून चाचपायचं नाही. वर्षाखालचं बाळ हातावर पालथं, डोकं खाली, पाठीवर पाच थापा, मग उताणं करून छातीच्या मध्यावर पाच दाब, आणि घास निघेपर्यंत पुन्हा तेच. हे वाचून येत नाही. कुणाकडून तरी बाहुलीवर करून शिकावं लागतं. मावशींना ते येतं का, या प्रश्नावर वहिनी खाली बघू लागली.

वहिनी: आता मी विचारू? तुम्ही एवढं सगळं बघितलंत. दिवसातली सगळ्यात धोक्याची वेळ कुठली, सांगा.

वन्सं: दुपार. सगळी झोपलेली, मावशी पेंगलेल्या.

वहिनी: नाही. संध्याकाळी साडेसहा ते आठ. दार पन्नासदा उघडतं. एक आई बूट शोधत असते, एक हिशेबाचं विचारत असते, तेवढ्यात अडीच वर्षांचं पोर तिच्या पायांमधून जिन्यात. मध्य रेल्वे खोळंबली की तीन आया उशिरा. मग नेहमीचा बाबा येत नाही, एक काका येतात: ‘मला पाठवलंय.’ फोन लागत नाही. पोर काकांना ओळखतं, हसतंय. द्यायचं की नाही?

वन्सं: नाही.

वहिनी: मीही नाही देत. त्यावरून एका बाबानं मला वाट्टेल ते ऐकवलं. पण फॉर्मवर लिहिलेल्या तीन नावांखेरीज चौथ्याच्या हातात पोर जात नाही. आणि बादल्या! तुमच्या दवाखान्यात कधी बादली बघितलीत? माझ्याकडे मोरीत भरलेली बादली राहत नाही, काम झालं की पालथी. रांगतं पोर वितभर पाण्यात डोकं घालून पडलं तर आवाजसुद्धा होत नाही.

वन्सं: खरंय. खेळण्यांतले बटणासारखे सेलही बघत जा. एक जरी गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तरी दोन तासांत आतून भाजतं.

वहिनी: सेलची खेळणी मी घेतच नाही. आवाजानं डोकं उठतं.

शेवटचा वाद कॅमेऱ्यावर आला, तो येणारच होता. २०१६ साली नवी मुंबईत खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या बाळाला आयानं मारलं, आपटलं, आणि ते सीसीटीव्हीत सापडलं. ती चित्रफीत महाराष्ट्रभर पाहिली गेली. तेव्हापासून पाळणाघर बघायला येणारे आईबाप आधी कॅमेरा कुठे आहे ते विचारतात.

वन्सं: विचारणारच. कॅमेरा नसता तर खारघरचं प्रकरण बाहेर आलं असतं का?

वहिनी: बाहेर आलं, पण पोराला मार बसून गेल्यावर. कॅमेरा तिथे होताच, वन्सं. बघत कोण होतं? मी लावलाय, काढणार नाही. पण आया ऑफिसात फोनवर बघतात आणि फोन करतात, ‘काकू, त्याच्या नाकाला रुमाल लावा.’ रुमाल लावायला हात लागतो. तुम्ही मघापासून जे जे सांगितलंत, हात धुवा, बाई वेगळी ठेवा, झोपेत नजर ठेवा, दार सांभाळा, त्याला सगळ्याला हातच लागतात. एका माणसानं किती बाळं सांभाळायची?

वन्सं: अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ म्हणतात, वर्षाखालच्या तीन बाळांमागे एक.

वहिनी: ते मला अमेरिकेनं सांगायला नको. आग लागली तर काखेत किती पोरं घेऊन मी जिना उतरू शकते? दोन. तिसरं पाठंगुळी, ते धरून बसण्याएवढं असेल तर. आता पैशांचं बघा. समजा एका बाळाचे महिन्याला पाच हजार घेतले. तिघांचे पंधरा. मावशी दहा-दहा तास उभ्या असतात, सहा दिवस. त्यांना पंधरा दिले तर मला भाडं, वीज, दूध कशातून? पंधरा नाही देत मी, आठ देते. आठ हजारांत दहा तास लोकांच्या पोरांची शी काढणारी बाई किती दिवस टिकेल, आणि टिकली तरी तिचा हात किती वाजता सुटेल, हे तुमच्या कॅमेऱ्याला विचारा.

वन्सं: ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी १९४५ साली बोर्डीला बालवाडी सुरू केली तेव्हा कुठे पैसे होते त्यांच्याकडे? पोरांच्या अंगणात जाऊन शाळा भरवली. पुढे देशभर अंगणवाडी हाच शब्द रुजला.

वहिनी: त्यांना माझा नमस्कार. पण अंगणवाडी काही तासांची. माझ्याकडची आई पोराला सकाळी आठाला सोडते आणि रात्री आठाला नेते. ते मधले बारा तास अजून कुणी आपल्या अंगावर घेतलेले नाहीत. मोबाईल क्रेशेस या संस्थेनं १९६९ पासून बांधकामावरच्या बायकांच्या पोरांचं केलं. सरकारनं अंगणवाडीतच पूर्ण दिवसाची ‘पाळणा’ योजना आणली, चांगलं आहे. माझ्या गल्लीत आली की मी पहिली तिथे नोकरी मागेन. २०१८ साली दिल्लीनं पाळणाघरांसाठी किमान मार्गदर्शक सूचना काढल्या म्हणे. त्या ऑफिसांच्या पाळणाघरांसाठी. माझ्याकडे तपासायला कोण येतं? सोसायटीचे सेक्रेटरी, आवाज फार होतो म्हणून.

वन्सं: म्हणजे नियम नकोतच तुम्हाला?

वहिनी: हवेत! नोंदणी हवी, वर्षातून दोनदा तपासणी हवी, मावशींना प्रशिक्षण हवं. पण तपासायला येणाऱ्यानं दंडाची पावती आणताना एका जादा मावशीच्या पगाराची सोयही आणावी. नुसता दंड आणलात तर मी पाटी काढेन आणि पोरं ठेवीनच, पाटीशिवाय. पलीकडच्या बिल्डिंगमध्ये तेच चाललंय.

वन्संना हे आवडलं नाही. त्यांच्या मते, परवडत नाही ही सबब एकदा मान्य केली की तिला शेवट नसतो. साबण फळीवर ठेवायला पैसे पडले नव्हते. ते बरोबरच आहे. वहिनीच्या घरातल्या निम्म्या चुका फुकटात सुधारण्यासारख्या होत्या आणि त्या दोन तासांत सुधारल्यासुद्धा. उरलेल्या निम्म्या तिच्या हातात नाहीत. मावशींचा पगार आणि आईची रजा या दोन गोष्टी सुटल्याशिवाय पाळणाघर सुरक्षित होणार नाही, असं माझं मत आहे. त्यांचा खर्च आठ हजारांच्या मावशीवर आणि पाच हजार भरणाऱ्या आईवर टाकून भागणार नाही. सरकारला आणि मालकांना त्यात यावं लागेल.

तोवर, तुम्ही मुलासाठी पाळणाघर बघायला जाणार असाल तर सकाळी अकराला जाऊ नका. तेव्हा सगळी पाळणाघरं छान दिसतात. संध्याकाळी सातला जा. कॅमेऱ्याआधी मोरीत साबण आहे का ते पाहा. वर्षाखालची बाळं मोजा आणि त्यांना उचलू शकणारी मोठी माणसं मोजा. तुमच्या मुलाचं लसीकरणाचं कार्ड मागितलं नाही, तर इतरांचंही मागितलेलं नाही असं समजा. सांभाळणाऱ्या बाईंना महिन्याला किती मिळतात हे विचारायला लाजू नका. आणि रात्री ताप आला असेल तर सकाळी दारात खरं सांगा, म्हणजे अकरा वाजता निदान थर्मामीटर हाताशी असेल.

हे वाचणाऱ्यांत कुणी दुकानाचे, ऑफिसाचे, कारखान्याचे मालक असतील तर त्यांना एकच विनंती आहे. मूल आजारी असताना आईला किंवा बापाला वर्षातून आठ-दहा दिवस पगारी रजा द्या. त्यासाठी कायद्याची वाट पाहावी लागत नाही, एक परिपत्रक पुरतं.